संध्याकाळची गोळी आणि हैबतनानांचा राग

हैबतनानांना दम्याचा पंप नको होता, कारण तो उष्टा होता.

हे वाक्य लिहितानासुद्धा माझा जीव मेटाकुटीला येतो. एकसष्ट वर्षांचा शहाणासुरता माणूस. कासार आंबोलीत दीड एकर भात स्वतःच्या हाताने लावणारा, उरवड्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षे यंत्रापुढे उभा राहिलेला. त्याला श्वास पुरत नाही, डॉक्टर श्वासाचे औषध त्याच्या तळहातावर ठेवतात, आणि हा म्हणतो, तोंडाला लावलेली वस्तू पुन्हा तोंडाला लावायची, आणि त्याच उष्ट्या तोंडाने वीणेला उभे राहायचे? काय करावे अशा माणसाचे? रागवावे तर तो हात जोडतो. समजवावे तर मान डोलावतो. आणि आपण उंबरा ओलांडला की त्याच्या मनात होते तेच करतो.

वीणेचे आधी सांगतो. चैत्रात हनुमान जयंतीच्या आधी या गावात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीवर टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्याने दोन तास उभे राहून नाम घ्यायचे. त्या दोन तासांत दुसरा शब्द नाही, अन्न नाही, पाण्याचा घोट नाही. याला पहारा म्हणतात. पहाटेचा पहारा सर्वांना हवा असतो. काकडा चाललेला असतो, गारवा असतो, मन आपोआप वर चढते. कोणालाही नको असतो तो दुपारी दोन ते चारचा. पंगत उठलेली, मंडपाचा पत्रा तापलेला, नाम ऐकायला खांबाला टेकून घोरणारी चार माणसे. तो पहारा गेली एकतीस वर्षे हैबतनानांचा.

"कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीचं वळण हाय मला," एवढेच ते म्हणत. देवापाशी कष्ट केल्याचा टेंभा नाही, कुरकुर नाही. पत्नीला जाऊन नऊ वर्षे झाली, मुलगा इंद्रजित हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतो, घरात सून जया आहे, अंगणाच्या कडेला कामगारांना भाड्याने दिलेल्या चार खोल्या आहेत. एकदा एका भाडेकरूची मोटारसायकल घसरून थेट भाताच्या रोपात गेली, अर्धी रोपवाटिका चिखलात झोपली. नाना धावत गेले आणि त्याला म्हणाले, "तुला कुटं लागलं न्हाई ना?" असा हा माणूस. मी पौडहून दर एकादशीला त्या देवळात कीर्तनाला जातो, अठरा वर्षे जातो आहे. दयेवर निरूपण करायचे झाले की माझी नजर आपोआप त्यांच्याकडे वळायची.

दमा त्यांना सात-आठ वर्षांपासून. सुगीत मळणीचा भुसा, बाराही महिने नव्या बंगल्यांच्या कामांची धूळ, आणि माघ-फाल्गुनात राबाचा धूर. भाताची रोपे जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून तो भाजतात, तो राब. तो भाजल्याशिवाय इथे भात होत नाही आणि तो भाजू लागले की हैबतनानांची छाती शीळ घालू लागते. सोबत शिंकांची माळ आणि बंद झालेले नाक. मागच्या मार्गशीर्षात जयाने त्यांना स्कूटरवर बसवून पिरंगुटला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. या डॉक्टर नम्रता. त्यांनी फुंकायला लावले, छाती तपासली आणि औषध ठरवून दिले. एक पंप रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, मग त्रास असो वा नसो. त्याने श्वासनळीची सूज उतरते. दुसरा निळा पंप फक्त दम लागला तर. आणि संध्याकाळी एक गोळी, माँटेलुकास्ट नावाची, दमा आणि ॲलर्जी दोन्हींना हातभार लावणारी. पंप मुख्य, गोळी जोडीला. हे त्यांनी तोंडाने सांगितले आणि कागदावरही लिहिले. पुढे हेही सांगितले की गोळी चालू असताना वाईट स्वप्ने पडू लागली, चिडचिड वाढली किंवा मन उदास झाले, तर थांबू नका, लगेच या. नेमकी तेव्हाच जया फोन घ्यायला बाहेर गेली होती. ऐकले ते एकट्या नानांनी. त्यांना वाटले, बाई मायाळू आहेत, सगळ्यांच्याच झोपेची चौकशी करत असतील. कागद घरी आला, त्याची चौपदरी घडी झाली आणि तो देवघरात पोथीखाली गेला.

पंप गेले माळ्यावर, स्टीलच्या डब्यात.

हे कळल्यावर मी खास त्यांच्या घरी गेलो. म्हटले, "नाना, औषध आहे हे. औषधाला कसले आले उष्टे?"

"महाराज, त्वांडात घालायचं, पुसून डब्यात ठिवायचं, आन् सांजच्याला पुन्हा तेच त्वांडात. आपण चमचासुदिक इसळून घेतो."

"मग कृष्णाची बासरी? ती काय ओठाला लागत नव्हती?"

"ती देवाची व्हती. ही कंपनीची हाय."

जया चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "महाराज, रोज हेच चालतं. आन् वर म्हनत्यात, पंप म्हंजी शेवटची पायरी. एकदा लागला की सुटत न्हाई."

"मग गोळी घेतात ना?"

"गोळी बरी घेत्यात. वरून पानी वतत्यात आन् गिळत्यात."

गोळीने गुण दिला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पंधरा दिवसांत शिंका थांबल्या, नाक मोकळे झाले, पहाटेचा खोकला उणावला. पुष्कळांना ती अशीच मानवते आणि वर्षानुवर्षे कसला त्रास देत नाही. नाना खूश झाले, आणि इथेच त्यांनी आपले गणित मांडले. पंपाचे काम बाकी आहे ना? मग ते गोळीकडूनच करून घेऊ. एक संध्याकाळी, एक सकाळी. पौष लागता लागता ते दोन गोळ्या घेऊ लागले. डॉक्टरांकडे पुन्हा जाण्याचा प्रश्नच नव्हता. शेखर नावाचा एक भाडेकरू पिरंगुटवरूनच कामाला जातो. त्याच्या खिशात रिकामी पट्टी टाकायची आणि तो दुकानात ती दाखवून तशीच भरलेली आणायचा. आपल्याकडे निम्मी औषधे अशीच घरी येतात, रिकाम्या पट्टीच्या साक्षीने. घरात कोणाला पत्ता नव्हता. सकाळची गोळी नाना गोठ्यात घ्यायचे.

माघात माणूस बदलला.

प्रथम झोप गेली. जया सांगायची, मामंजी झोपेत ओरडून उठतात, घामाने भिजलेले असतात, स्वप्नात कोणाला तरी मारत असतात किंवा कोणी त्यांना गाडत असते. मग जागेपणीही धग जाणवू लागली. भाडेकरूने नळ थेंबभर उघडा ठेवला म्हणून त्याची बादली अंगणात भिरकावली. जयाने भाकरी वाढायला क्षणभर उशीर केला म्हणून ताट सरकवून उठले. बांधावरून जाणाऱ्या म्हशीवर दगड उचलला. आणि नंतर देवळात, हरिपाठ चालू असताना, वाल्मीकच्या हातून पखवाजाचा ठेका एकदा चुकला. वाल्मीक म्हणजे नानांचा तीस वर्षांचा सोबती. भजनात त्यांच्या डाव्या हाताला बसणारा. नाना उठले आणि देवाच्या समोर, बायाबापड्यांच्या समोर, त्यांनी वाल्मीकला आईवरून शिवी दिली. टाळ थांबले. नानाही थांबले. आपल्याच तोंडाकडे बघावे तसे हवेत बघत राहिले आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने पौडला माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत, खाली बसले.

"महाराज, मला लई राग येतोय."

"कोणाचा?"

"समद्यांचा. सुनंचा येतो, शेजाऱ्याचा येतो. सकाळी उठलो की छातीत जाळ असतोय. कुणी काय केलेलं नसतंया. नाम घ्याया बसलो तर नामाचा येतो."

एवढे स्पष्ट कोणी सांगते का? ज्याचे काम बोलण्याचे आहे त्याने ऐकण्यात किती कमी पडावे! मी एक प्रश्न विचारायला हवा होता: नाना, कधीपासून? दुसरा विचारायला हवा होता: पोटात नवे काय जाते आहे? मी विचारले नाही. मी म्हटले, "मनाचा गाळ ढवळला गेला की आधी वरच येतो, नाना. जप वाढवा. सोमवार धरा. निग्रह करा." ते पाया पडले आणि गेले. त्यांनी जप वाढवला, सोमवार धरला आणि सकाळची गोळीही चालूच ठेवली, कारण राबाचा धूर सुरू झाला होता.

राग वाढतच गेला आणि मी त्यांच्यावर मनातून चिडू लागलो. फाल्गुनातल्या शुद्ध एकादशीला मी क्रोधावर कीर्तन केले. विषय रंगला. आवाज लागला होता, साथ उत्तम होती, शब्द आपण होऊन येत होते. त्या भरात मी बोलून गेलो, "एकतीस एकतीस वर्षे वीणा गळ्यात मिरवून जर क्रोध जात नसेल, तर वीणा लाकडाची आणि तो गळाही लाकडाचाच!" वर्षे मी मोजून सांगितली होती. गावात एकतीस वर्षे कोणाची, हे शेंबड्या पोराला ठाऊक. सगळ्यांच्या माना एकदम उजव्या खांबाकडे वळल्या. नाना तिथे बसले होते. आरतीपूर्वीच त्यांची जागा रिकामी झाली.

निरोप आला तो वाल्मीककडून, हे विशेष. ज्याने शिवी खाल्ली त्यालाच त्यांनी पाठवले. सप्ताहातला माझा पहारा दुसऱ्याला द्या. माझ्या आत काय होते ते आता वर आले आहे. मी देवाला एकतीस वर्षे फसवले.

"आता काय करायचं, महाराज?" वाल्मीकने विचारले.

"राग गेला की येतील," मी म्हटले.

वाल्मीक म्हणाला, "तुमाला त्यांचा राग दिसतोय. मला त्यांचं त्वांड दिसतंय. ते भ्यालेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी जया आली. स्कूटर अंगणात लावली, पायरीवर चढली नाही.

"महाराज, तुमी कीर्तन केलं आन् गाडीत बसून घरी आला. आमी त्यांच्यासंगं राहतोय. तीन दिस धड जेवलं न्हाईत. काल मला म्हनले, 'मी हाय कशाला? मी गेलो तर घरातला जाळ तरी इझंल.' असं कधी बोलल्यालं माणूस हाय का ते?"

"त्यांच्याजवळ आत्ता कोण आहे?"

"ह्यांनी कामाला दांडी मारलीया. नजरंआड होऊ देत न्हाईत." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्यावर पुन्हा संतापली. "तुमीच चढवलं, आता तुमीच उतरवा!"

तिचे बरोबर होते. मी लगोलग निघालो. आणि माझे मी काय सांगू? कीर्तनाने घसा बसला होता, म्हणून आधी पुढे पिरंगुटला जाऊन घशाच्या गोळ्या घ्याव्यात आणि येताना कासार आंबोलीला उतरावे, असे मी ठरवले. आधी माझा घसा, मग नाना. पण त्या दिवशी माझ्या आपमतलबाचा पांडुरंगाने उपयोग करून घेतला.

औषधाच्या दुकानात सायली नावाची मुलगी होती, रीतसर औषधशास्त्र शिकलेली, महिन्याभरापूर्वीच रुजू झालेली. तिचे आजोळ कासार आंबोलीचे; मला ओळखणारी. गोळ्या देताना म्हणाली, "महाराज, हैबतनानांचा दमा कसा आहे?"

"दमा बरा आहे," मी वैतागून म्हणालो, "माणूस बिघडला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मारायला धावतात. झोपेत किंचाळतात. आता जीव नकोसा झाला म्हणतात."

तिचा हात काउंटरवरच थांबला. "कधीपासून?"

हा तो प्रश्न. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने पहिल्या श्वासात विचारलेला.

"माघापासून असेल."

"महाराज, त्यांचा भाडेकरू इथे रिकामी पट्टी घेऊन यायचा. दहा गोळ्यांची पट्टी, दर पाच दिवसांनी. रोज एक घ्यायची गोळी पाच दिवसांत संपते कशी? मी चिठ्ठी मागितली तर तो चिडून गेला. दुसरीकडून नेत असणार." मग तिने आवाज खाली आणला. "त्या गोळीने काही जणांना असं होतं. सगळ्यांना नाही, थोड्यांनाच. पण होतं. भयंकर स्वप्नं, चिडचिड, अंगावर जाणं, उदासी, आणि जगणं नको वाटणं. कधीकधी रोजच्या एका गोळीनेही होतं. हे तर दोन घेतायत."

"गोळीने माणसाचा स्वभाव बदलतो?"

"मेंदूवर परिणाम होतो, महाराज. स्वभाव कुठे बदलतो?"

कीर्तनातले ते लाकडाच्या गळ्याचे वाक्य माझ्याच कानात वाजू लागले. "मी आत्ता जाऊन त्या गोळ्या फेकून देतो," मी म्हटले.

"फेकून काय होणार? पंप घेतात का ते? नाहीत ना? मग दम्याचं काय?" तिने फोन उचललाच होता. डॉक्टर नम्रतांचे उत्तर दोन मिनिटांत आले: आज पुढची गोळी देऊ नका, त्यांना क्षणभरही एकटे सोडू नका, आणि दुपारच्या आत माझ्याकडे घेऊन या.

हैबतनाना ओट्यावर बसले होते, इंद्रजित शेजारी. त्यांचे डोळे खोल गेले होते. मी सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "रागाला कुटं डाक्टर असतोय व्हय?"

"नाना, राग गोळीचा आहे!"

"गोळीला कसला राग येतोय, महाराज? तुमी मला बरं वाटावं म्हनून बोलताय."

"अहो, मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून बोलत असतो तर परवा तसे बोललो असतो का?"

यावर इंद्रजित हसला, नाना नाही. मी विनवले, रागावलो, पुन्हा विनवले. तिळभर हलेना हा माणूस! शेवटी मी पायातली पायताणे काढली आणि ओट्यावर मांडी ठोकली. "ठीक आहे. मी इथून उठत नाही आणि अन्नालाही शिवत नाही."

नाना दचकले. "तुमाला शुगर हाय, महाराज. उपाशी ऱ्हायचं न्हाई."

"मग चला."

"आधी दोन घास खाऊन घ्या."

"आधी चला!"

ते उठले. स्वतःच्या जिवासाठी जो माणूस बोटभर हलला नाही, तो माझ्या साखरेसाठी पिरंगुटला आला.

डॉक्टर नम्रतांनी कागदाची चौकशी केली. तो पोथीखाली असल्याचे जयाने सांगितले. मग बाईंनी अगदी सरळ विचारले, "नाना, जीव द्यावा असं मनात येतं?"

"दोनदा आलं," नाना म्हणाले. "नाव घेऊन परतवलं."

"परतवलंत हे फार चांगलं केलंत. आता नीट ऐका. तो विचार तुमच्या पापातून आला नाही. ही गोळी काही लोकांच्या मनावर असा परिणाम करते. म्हणून मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. गोळी वाईट नाही, माझ्या कितीतरी रुग्णांना तिने बरं वाटतं. तुम्हाला ती सोसत नाही. आणि दोन घेतल्याने दमा दुप्पट बरा होत नाही. आजपासून ती बंद. दहा दिवसांनी मला पुन्हा दाखवायचं. तोवर घरच्यांनी सोबत राहायचं. मन ताळ्यावर आलं नाही तर मी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवीन, त्यात लाज काही नाही. मधेच तो विचार पुन्हा आला तर कोणत्याही वेळी फोन करायचा. आता दम्याला पंपच."

"पंप उष्टा हुतो, बाई."

माझ्या तोंडून "अरे देवा" निघाले. जयाने कपाळावर हात मारला. पण बाई चिडल्या नाहीत.

"पंप ओढल्यावर काय करायचं, ते सांगितलं होतं मी. आठवतं?"

"न्हाई."

"चूळ भरायची. खळखळून, घशापर्यंत गुळण्या करायच्या. नाही केल्या तर औषध तोंडात राहतं, तोंड येतं, आवाज घोगरा होतो. प्रत्येक वेळी. नियमच आहे तो. आणि पंपाचं तोंड पुसून कोरडं ठेवायचं."

नाना खुर्चीत सरळ झाले. "दर बारीला चूळ?"

"दर वेळी."

"मंग त्वांड सोवळंच झालं की!" त्यांनी आम्हा दोघांकडे असे बघितले, जणू तीन महिने आम्हीच त्यांच्यापासून ही गोष्ट लपवून ठेवली होती. "आन् पहाऱ्याला?"

"कसला पहारा?"

मी सांगितले. बाई म्हणाल्या, "दुपारी दोन ते चार ना? मग अडचण कसली? हा पंप सकाळी आणि संध्याकाळी घ्यायचा. दुपारी तो तोंडाला लावायचाच नाहीये. दम लागलाच, तर मात्र निळा घ्यायचा, लगेच, कुठेही असलात तरी. देवासमोरसुद्धा."

म्हणजे एवढे सगळे रामायण कशासाठी घडले? सकाळ-संध्याकाळच्या औषधाचा दुपारच्या पहाऱ्याशी काडीचा संबंध नव्हता! विचारले असते तर एका वाक्यात मिटले असते. परतताना गाडीत मी नानांना हे सुनावले. ते म्हणाले, "तुमीबी कुटं इचारलं?"

आठ-दहा दिवसांनी स्वप्ने थांबली. जाळ हळूहळू उतरला. एक दिवस बरा, एक दिवस पुन्हा धुसफुस, असे करत करत. पंप चालू झाला, चूळ अशी की शेजारच्या घरात ऐकू जावी. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पाहून समाधान दाखवले. श्वास चांगला चालू लागला. पण पहाऱ्याचे नाव काढले की नाना मान हलवत.

मी क्षमा मागायला गेलो. म्हटले, "नाना, मी चुकलो. तो राग तुमचा नव्हता."

ते गवत कापत होते. विळा थांबवून म्हणाले, "महाराज, गोळीत जाळ असंल. पर शिव्या गोळीत भरल्या व्हत्या का? त्या माझ्याच घशातनं आल्या."

"तापात माणूस बरळतो. ते शब्द कोणाचे असतात? त्याचेच. पण त्यांचा जाब त्याला कोणी विचारतो का?"

"तुमी कीर्तनात येगळं सांगितलं व्हतं."

ते खोचून बोलले नाहीत. त्यांना खोचून बोलता येत नाही. म्हणूनच ते अधिक लागले. वद्य एकादशीला मी देवळात उभा राहिलो आणि भर कीर्तनात सांगितले की मागच्या वेळी मी एका आजारी माणसाला दोषी ठरवले, औषधाच्या परिणामाला पाप म्हटले, आणि तो दोष माझा आहे. त्या गोळीबद्दलही सांगितले, रिकाम्या पट्टीबद्दलही, आणि हेही की कोणी घाबरून आपले औषध मनानेच बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. उजव्या खांबाकडे बघितले. नाना नव्हतेच! राबाला पाणी मारायला गेले होते म्हणे. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो शेतात! पखवाजावर वाल्मीक होता, त्याने मात्र शब्दन् शब्द ऐकला.

सप्ताह बसला. पहाऱ्यांच्या यादीत दोन ते चारच्या पुढे रेघ होती. ज्याला सवड असेल त्याने उभे राहावे, असे ठरले. पहिल्या दिवशी बारा ते दोन वीणा वाल्मीकच्या गळ्यात होती. दोन वाजले. गावातला एक जण पुढे झाला, हात पुढे केले. वाल्मीकने तोंड फिरवले. दुसरा आला, त्यालाही पाठ दाखवली. नाम चालू, टाळ चालू, पण वीणा काही तो देईना. बोलता येत नव्हते आणि वीणा खाली ठेवता येत नव्हती, म्हणून तो आपला उभा. सव्वादोन झाले. त्याचे गुडघे दुखणारे, पोटात अन्न नाही, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. तेव्हा लोकांच्या ध्यानात आले. कोणीतरी हैबतनानांच्या घराकडे गेले.

"वाल्मीक वीणा सोडंना," नानांना सांगितले गेले. "उभाच हाय."

नाना आले. पायांना शेतातली माती, डोक्याला गुंडाळलेले फडके. देवळाच्या दारातच बडबड सुरू झाली, "येडा हाय का ह्यो? गुडघं पार गेल्यात त्याचं, आन् ह्यो उभा! कुणी सांगत न्हाई का त्याला?" जयाने तांब्या पुढे केला. त्यांनी पाय धुतले, तोंड धुतले आणि वाल्मीकच्या समोर जाऊन उभे राहिले.

वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, ही आमच्याकडची रीत. वाल्मीक वाकू लागला. नाना त्याच्याआधी वाकले आणि त्याच्या पायांवर डोके ठेवून तसेच राहिले. पुष्कळ वेळ राहिले. त्यांची पाठ हलत होती. वाल्मीक काही बोलू शकत नव्हता. तो नामच म्हणत होता, पण नाम म्हणता म्हणता त्याने त्यांच्या दोन्ही दंडांना धरून त्यांना वर उचलले आणि वीणा स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घातली.

दीड तास नाना उभे होते. मी खांबाला टेकून त्यांचे नाम ऐकत होतो, आणि खोटे कशाला बोलू, नामापेक्षा नामाच्या मधला श्वास जास्त ऐकत होतो. तो आत जात होता आणि बाहेर येत होता. जयाच्या पिशवीत निळा पंप होता. तिचा हात पिशवीवरून निघाला नाही. पत्रा तापला होता, झोपणारे झोपले होते, आणि पांडुरंगाच्या कृपेने त्या पंपाची गरज पडली नाही.

चारला त्यांनी वीणा पुढच्याच्या गळ्यात दिली. पारावर आले, पाणी प्यायले, वाल्मीकच्या शेजारी बसून त्याचे गुडघे चोळू लागले. ऊन कलले, हरिपाठ झाला. जयाने संध्याकाळचा पंप आणि तांब्या आणला.

नाना म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. आज लई बरं वाटतंय."

मी, जया आणि वाल्मीक, तिघेही एकदम असे ओरडलो की देवळाच्या शिखरावरची कबुतरे उडाली. बरे वाटते आहे ते त्या पंपानेच ना! नानांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितले. "येवढं रागवाया काय झालं?" ते म्हणाले, आणि त्यांनी पंपासाठी हात पुढे केला.